मधल्या आळीतली अकरा भावंडं

वाईला येणारी माणसं आता यादी घेऊनच येतात. ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवलीचा वाडा, धोमचा नंदी, आणि ऊन उतरलं की पसरणीचा घाट चढून पाचगणी. अर्ध्या दिवसात वाई बघून होते. त्यांनी यावं, बघावं, गणपतीपुढे हात जोडावेत. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर चालते. पण मधल्या आळीतल्या आमच्या वाड्यात १९५० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत वाढलेल्या आम्हा अकरा चुलत-आतेभावंडांना यातलं काहीही कुणी मुद्दाम दाखवलं नाही. ती सगळी ठिकाणं आमच्या रोजच्या कामांच्या वाटेवर होती. गावाचा इतिहास आम्हाला पुस्तकातून कळला तो फार पुढे. आधी तो पाणी भरताना, पंगत वाढताना, माईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं असताना कानांवरून गेला होता. हे लिहिणं माझ्या एकट्याचं नाही. थोरल्या ताईपासून अमेरिकेत एडिसनला असलेल्या नंदूपर्यंत सगळ्यांना विचारून, जिथे जमेना तिथे भांडून, हे जुळवलं आहे.

आमचा वाडा मोठा नव्हता. रास्त्यांच्या वाड्यांपुढे त्याला वाडा म्हणायलाही संकोच वाटावा. दिंडी दरवाजा, देवडी, एकच चौक, तिन्ही बाजूंना सोपा आणि भर दुपारीही दिवा लागावा असं माजघर. तीन भाऊ, त्यांची बिऱ्हाडं, आजोबा म्हणजे अण्णा, आजी म्हणजे माई, आणि लहान वयात विधवा होऊन दोन मुलांसह माहेरी परत आलेली आत्या. एवढी माणसं त्या घरात कशी मावली हे आज कळत नाही. मावली याचं एक कारण नदी. उजाडल्यापासून घर निम्मं रिकामं असायचं, कारण निम्मं घर घाटावर असायचं. आंघोळी तिथे, धुणं तिथे, बायकांची सुखदुःखं तिथे. नळ आला तरी देवाचं पाणी कृष्णेचंच, हा माईचा नियम. थोरले काका सोवळ्यात दोन घागरी घेऊन पायऱ्या चढत यायचे, आणि त्यांच्या वाटेत कुणी आडवं आलं की सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे.

पोहायला शिकवायचं काम मधल्या काकांचं. पाठीला फिरकीच्या झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा सुतळीने बांधायचा आणि पाण्यात ढकलायचं. पहिले चार दिवस डबाच आम्हाला तरंगवायचा. मग काका गुपचूप त्यात थोडं पाणी भरायला लागायचे. आदल्या दिवशीपेक्षा आज जरा जास्त हातपाय मारावे लागताहेत एवढंच कळायचं, कारण कळायचं नाही. एका सकाळी ते म्हणायचे, "आज डबा सापडत नाही, तसाच ये." तोवर पोहणं आलेलं असायचं. अकराच्या अकरा जण असेच शिकलो, मुलीसुद्धा. मुलींना शिकवण्याबद्दल आळीत कुरकूर झाली होती. काकांनी ती कानाआड केली. नंतरची पैज एकच, देवळाच्या कट्ट्यावरून मुटका कोण मारतो.

ते देऊळ म्हणजे ढोल्या गणपतीचं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं, अगदी नदीच्या पात्राला लागून. आत एकाच दगडातून घडवलेली ती भली मोठी मूर्ती. पण अण्णांना आम्हाला मूर्तीपेक्षा देवळाची पाठ दाखवण्यात जास्त रस. श्रावणात पूर आला की ते आम्हाला घेऊन निघायचे. लांब, उंचावर उभं राहून हात पुढे करून सांगायचे, "बघा, पाणी कुठे फाटतंय ते बघा." देवळाची मागची भिंत सपाट नाही. माशाच्या अंगासारखी ती टोकाला निमुळती होत गेलेली आहे. तांबड्या पाण्याचा लोंढा, त्यातली झाडं, गवताच्या पेंढ्या, सगळं त्या टोकावर येऊन आदळायचं आणि दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे जायचं. भिंतीने पाणी अडवायचं नाही, त्याला वाट करून द्यायची, असं अण्णा म्हणत. ते शाळामास्तर होते; इंजिनिअरिंगचा त्यांचा काही संबंध नव्हता. पण अडीचशे वर्षांहून जास्त काळ किती पूर त्या भिंतीवरून गेले असतील याचा विचार केला की ज्या गवंड्यांनी ती रचली त्यांच्यापुढे मान लवते. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. रास्त्यांचं नाव राहिलं.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव रास्त्यांचं. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे की उन्हाळ्याच्या दुपारी त्याला गाल लावून बसायचं हे आमचं ठरलेलं सुख. गळ्यातली माळ, घंटा, सगळं त्याच दगडातलं. आमच्यातला बापू अजून सांगतो की घंटेच्या कडेवर बोट फिरवून तो पाढे म्हणायचा.

रास्त्यांची गोष्ट माईकडे वेगळ्या वाटेने होती. तिच्या लेखी रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी, नानासाहेब पेशव्यांची बायको. माई कधी 'पेशवीण' म्हणायची नाही, 'आपल्या गावची लेक' म्हणायची. आणि मग एकेक बोट दुमडत तीन नावं घ्यायची: विश्वासराव पानिपतावर गेला, माधवराव क्षयाने गेला, नारायणरावाला वाड्यात मारलं. तिन्ही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत. गोपिकाबाई कडक होत्या, राजकारणात हात घालत, हे सगळं पुढे वाचलं. माईला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिच्या गोष्टीत त्याला जागा नव्हती. आता वाटतं, गणपतीच्या देवळाचं साल नुसतं पाठ करून उपयोग नाही. विश्वासराव हा गणपतराव रास्त्यांचा सख्खा भाचा. जानेवारी १७६१ मध्ये तो पानिपतावर पडला, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि पुढच्याच वर्षी कृष्णेच्या काठी हे देऊळ उभं राहिलं. ज्या घराण्यावर एवढा आघात झाला त्याच घराण्याने हे बांधकाम पुरं केलं. पर्यटकांना सांगताना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पण आमची वाई खरी बहरायची ती माघात. सात घाट, सात आळ्या: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघापासून एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव. घाटावर मांडव पडायचा, देवीची मूर्ती पालखीतून वाजतगाजत यायची, आणि मग कीर्तनं, प्रवचनं, बायकांची ओटी भरायची रांग, शेवटी लळित. हा उत्सव का सुरू झाला याची कथा गावात सगळ्यांना तोंडपाठ. १६५९ मध्ये अफजलखान वाईला तळ देऊन होता. तो इथला जुना सुभेदार, गाव त्याला ओळखीचं. शिवाजी महाराजांवर आलेलं हे संकट टळलं तर तुझा उत्सव करीन असा नवस इथल्या एका शास्त्रीबुवांनी कृष्णेला बोलला होता, अशी ती कथा. प्रतापगडाच्या पायथ्याशी जे व्हायचं ते झालं आणि नवस फिटायला लागला, तो अजून फिटतोच आहे. इतिहासकारांनी याला पुरावा मागावा. तो त्यांचा अधिकार. आम्हाला मात्र शिवकाळ भेटला तो याच वाटेने. शाळेत अफजलखानाचा धडा आला तेव्हा आमच्या मनात तंबू होते ते आमच्याच नदीच्या पलीकडे.

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या मळ्यांत हळद शिजायची. मोठमोठ्या काहिलींखाली उसाच्या पाचटाचा जाळ, वर गोणपाटाने झाकलेले हळकुंडांचे ढीग, आणि तो उग्र, मातकट वास वाऱ्याबरोबर गावात शिरायचा. एका नाकपुडीत तो वास आणि दुसरीत मांडवातल्या धुपाचा. नंदू म्हणते, परदेशात हळदीची पुडी उघडली की तिला कीर्तनकारांची झांज ऐकू येते.

उत्सवाची पंगत ही आमच्या घरातली खरी शाळा होती. घाटावरच्या पंगतीत पोरांनी वाढायचं, आणि कोण काय वाढतो यावरून तो केवढा झाला हे ठरायचं. सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातात मिठाचं भांडं. पानाच्या डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला चिमूटभर, कमी नाही जास्त नाही. मग लिंबाच्या फोडी, मग चटणी-कोशिंबीर. दहाव्या-अकराव्या वर्षी पाण्याची झारी. मिसरूड फुटलं की वरण, भात. आणि तुपाची तोटी हातात आली की माणूस घरातला कर्ता होऊ घातला असं समजायचं, कारण तूप वाढणाऱ्याला पंगतीतल्या प्रत्येकाचा हात कुठे थांबतो ते ओळखावं लागतं, आणि शेवटच्या पानापर्यंत ते पुरवावं लागतं. थोरले काका मागे उभं राहून पाहायचे. चुकलं तर तिथे बोलायचे नाहीत, घरी आल्यावर बोलायचे. बापू दोन वर्षं वरणावर अडकला होता, कारण तो घाईत लोकांच्या पायावर सांडायचा.

यात मुली नव्हत्या. मुलींनी पत्रावळी टाचायच्या, ओटीची ताटं भरायची, हळदीकुंकू लावायचं. ताई आमच्या सगळ्यांत मोठी, सगळ्यांत नेटकी. एकेक पान मोजून अंदाज सांगणारी. पण तिच्या हाती मिठाचं भांडंसुद्धा आलं नाही. हे आठवलं की तिला आजही राग येतो, आणि तो रास्त आहे.

घाटाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट गाळून चालणार नाही. वरच्या अंगाला पाण्यात कुणी उतरायचं आणि खालच्या अंगाला कुणी, याचे न लिहिलेले नियम होते. वाई म्हणजे दक्षिण काशी असं अभिमानाने सांगितलं जातं; काशीबरोबर काशीची शिवाशिवही आली होती. ती मोडायची भाषा ज्यांनी केली त्यांतले सगळ्यांत मोठे गृहस्थ वाईतच राहत होते, हे मात्र गावाचं भाग्य. लक्ष्मणशास्त्री जोशी चौदा-पंधरा वर्षांचे असताना प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचे झाले. गांधीजी येरवड्यात असताना अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राचा आधार उभा करणाऱ्यांत ते होते. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न त्यांनीच लावलं. अण्णा पाठशाळेजवळून जाताना पायातल्या वहाणा काढायचे. का, ते विचारलं तर म्हणायचे, "इथे विनोबा शिकले." १९१७ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायला आले होते, आणि तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या अण्णांनी त्यांना रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं. तेवढं त्यांना जन्मभर पुरलं.

मराठी विश्वकोशाचं काम वाईला आलं ते लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे. आमचे धाकटे काका तिथे कामाला लागले आणि घरात कागद आले. लांबलचक मुद्रितं, समासात लाल शाईच्या खुणा. रात्री जेवणं झाली की सोप्यात कंदिलाजवळ, पुढे विजेच्या दिव्याखाली, काका मुद्रित घेऊन बसायचे आणि आमच्यापैकी कुणीतरी मूळ प्रत मोठ्याने वाचायची. स्वल्पविराम आला तर 'स्वल्प', पूर्णविरामाला 'पूर्ण', असं सगळं म्हणत. अर्थ कळत नसे. अंकगणित, अणुकेंद्र, अजिंठा, असं काहीही 'अ'ने सुरू होणारं आम्ही पेंगत वाचलं आहे. १९७६ मध्ये पहिला खंड छापून आला. काकांनी तो देवापुढे ठेवला, माईने त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मग आम्हाला हात लावायची परवानगी मिळाली. आम्ही 'वाई' शोधायला लागलो. काका हसून म्हणाले, "अरे, हा 'अ' आणि 'आ'च आहे. 'व' यायला वेळ आहे." किती वेळ आहे हे तेव्हा त्यांनाही माहीत नसावं. वाईची पाळी येईपर्यंत आमची लग्नं झाली होती, शास्त्रीजी गेले होते. विसावा खंड आला तो २०१५ मध्ये. एका लहानशा गावात, नदीकाठी बसून, मराठीत सगळ्या जगाचं ज्ञान आणायचं, आणि त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षं टिकून राहायचं, हे काम गावातल्या कुठल्याही देवळाइतकं मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. पर्यटकांच्या यादीत ते नाही.

मेणवलीला आम्ही चालत जायचो, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, चौकामागून चौक, भिंतींवरची पुसट चित्रं, मागे उतरलं की घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. पोरांचं सगळं लक्ष घंटेकडे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांकडे आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. आत्या त्या आकृतीला हात लावून तोच हात कपाळाला लावायची. 'आईच आहे ना ती,' एवढंच म्हणायची.

मग धोमचं धरण झालं. वाईच्या वरच्या अंगाला आठ-नऊ किलोमीटरवर, १९७०च्या दशकात काम जोरात आणि १९८२ मध्ये पुरं. खोऱ्यातल्या शेतांना पाणी मिळालं, खालच्या गावांचं सोनं झालं. धरणाच्या पोटात ज्यांची घरं गेली त्यांनी त्याचं मोल दिलं. आमच्या वाट्याला आला तो नदीचा बदललेला स्वभाव. पूर्वी पाणी आकाशाकडे बघून यायचं, आता ते दरवाजे उघडण्यावर अवलंबून. पूर आले, पण अण्णांसारखं ढग बघून 'आज रात्री तिसरी पायरी बुडेल' असं कुणाला सांगता येईना. उन्हाळ्यात पाणी साचून राहायला लागलं, गावाचं सांडपाणी त्यात, त्यावर जलपर्णी. शेवटच्या धाकट्या दोघा भावंडांना काकांनी पोहायला शिकवलं ते विहिरीत. आता गावातली तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी घाट झाडतात, जलपर्णी ओढून काढतात. त्यांच्यात बापूचा मुलगाही आहे. ब्रिटिश काळातला जुना पूल जाऊन त्या जागी नवा झाला. पूल हवाच होता, रहदारी किती वाढली. तरी जुन्या पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही किती संध्याकाळी घालवल्या ते आठवून वाईट वाटतं.

आणि सिनेमा आला. प्रकाश झांचे 'मृत्युदंड' आणि 'गंगाजल' आले तेव्हा आमचे घाट बिहारात गेले. 'दबंग'मध्ये ते उत्तर प्रदेशात गेले. गावातल्या माणसांना रोजगार मिळाला, घोड्यावाल्याला, चहावाल्याला, गर्दीत उभं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना. २००४ मध्ये 'स्वदेस' आला. नंदूने तो एडिसनच्या थिएटरात पाहिला. मेणवलीचा घाट पडद्यावर आला आणि तिने शेजारच्या बाईचा हात धरला. 'चरणपूर' लिहिलं होतं खाली, ती सांगते, आणि मी त्या अनोळखी बाईला म्हटलं, माझी आत्या इथल्या घंटेला नमस्कार करायची. घरी येऊन तिने पहिला फोन आत्याला लावला. आत्याने सिनेमा पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, "घंटा दाखवली का?"

वाडा पाचेक वर्षांपूर्वी वाटण्या होऊन गेला. तिथे आता तीन मजली इमारत आहे, त्यातला एक फ्लॅट आमचा. खरं तर ताईचा, पण चावी सगळ्यांकडे आहे.

दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत येतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीला येते असं मानतात. कन्यागत. मागचं २०१६ मध्ये झालं, तेव्हा आमच्यातले चौघेच जमलो. पुढचं २०२८ मध्ये. त्या पर्वकाळात आळीचा जो उत्सव येईल त्याला अकरांपैकी आता उरलेल्या नऊही जणांनी यायचं असं ठरलं आहे. नंदूने तिकिटाचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. पाण्याचं बापू बघणार, भाताचं मी. नातवंडांपैकी जी सहा-सात वर्षांची असतील त्यांना मीठ, मुलगा असो वा मुलगी. उत्सवाच्या मंडळाशी बोलणं झालं आहे, त्यांनी आनंदाने होकार दिला. तूप ताई वाढणार आहे. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची असेल. गुडघे दुखतात म्हणून तिने आत्तापासूनच सकाळी घाटाच्या पायऱ्या चढायला-उतरायला घेतल्या आहेत.